धडा एक्केचाळिसावा

विषय — शिवणाच्या एक्केचाळीस धड्यांकरिता व्हिडिओ ठेवण्याची सेवा निवडणे. संदर्भ — आपला कालचा फोन, आणि त्यातला चढलेला आवाज. नाही, हसा तुम्ही, मॅडम, मीही असाच हसायचो अर्जदारांना. वेबसाइट तुम्ही दोन आठवड्यांत उभी केलीत आणि मी आठ महिने एका सहीवर बसलोय, कबूल. पण हा तक्ता बघा तरी — आखलाय मी, पट्टीनं. आपल्याच साइटवर व्हिडिओ ठेवले तर? तुम्हीच म्हणालात, पन्नास जणी एकदम बघायला बसल्या की साइट बसेल. बरोबर, रद्द. मग राहिल्या दोन. पहिली फुकट, पण जाहिराती. आमची ही धड्यात बाही कशी लावायची ते समजावून सांगतेय, आणि मधेच कोणीतरी ओरडतो की तयार कपडे घ्या, निम्म्या किमतीत — म्हणजे शिवायला शिकणाऱ्या बाईला सांगायचं, बाई, शिवू नकोस! दुसरी सेवा पैसे घेते, पण गप्प बसते. जाहिरात नाही, हवं तर कुलूप लावता येतं, आणि एक धडा संपला की थांबते. तुमचं म्हणणं दुसरी घ्या. लेकीचंही तेच. माझंही तेच, अहो — शेरा लिहिलाय बघा खाली, ‘शिफारस योग्य’. फक्त सही राहिलीय.

का राहिली? आता हे विचारणं काही तुमच्या कामात बसत नाही, पण चहा घेताय तर सांगतो. दोन्हीकडे मी धडे चढवून बघितले, चाचणी म्हणून. पहिलीला एक खोड आहे — एक धडा संपला की पुढचा ती आपणहून लावते. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो, आत चाळिसावा चालू होता, कॉलरचा, तो संपला हे माझ्या लक्षातच नाही — आणि आतून हिची हाक आली. ‘अहो, जरा इकडे या.’ आणि मी गेलो, मॅडम. ओल्या हातानं गेलो.

एक्केचाळिसावा धडा तुम्ही पूर्ण बघितला नसेल. काज करायचा. लेक म्हणते, सव्वाअकरा मिनिटांवर कापून टाका, तिथवर काज झालेलं आहे. खरंच झालेलं आहे, दोरासुद्धा तोडलाय तिनं. मग ती डावा हात चोळते आणि मला हाक मारते. मी आतल्या खोलीत शब्दकोडं सोडवत होतो — आडवा सातवा अडला होता — आणि मी तिथूनच म्हणालो, ‘अर्ज द्या, नंबराप्रमाणे बघू.’ जुनीच थट्टा हो, पस्तीस वर्षांची! नोकरी सुटली तरी ती काही सुटली नव्हती. ती हसली. ते ऐकू येतं — हसली, उठली, आणि चौकटीच्या बाहेर गेली. मग नुसती खुर्ची. बारा मिनिटं खुर्ची, आणि पंख्यानं हलणारं ते कापड. आणि मग मी येतो, पेन कानावर — ‘काय बाई, झाला का अर्ज तयार?’

डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तरी काही सांगता आलं नसतं. चांगला माणूस. आमच्या कार्यालयातही असंच उत्तर द्यायचो आम्ही.

तर मुद्दा असा — दुसरी सेवा सर्व बाबतींत सरस आहे, पण तिच्यात आपणहून कोणी हाक मारत नाही. बटण मी दाबायचं, आणि मी दाबलेल्या बटणाला हाक म्हणत नाहीत. पहिलीत मी रोज सकाळी पहिल्यापासून धडे लावतो आणि कामाला लागतो, मोजत नाही, मुद्दाम मोजत नाही. आणि हाक आली की जातो. आता लगेच जातो. एकदाही उशीर केला नाही आठ महिन्यांत. पण जाऊन बघावं तर ती हसून उठलेली असते, आणि —

थांबा. कॉलरची इस्त्री चाललीय ना आत? म्हणजे संपतच आला.

नाही, तक्ता राहू द्या इथं, तुम्ही निघा. हो, कळवतो. कप असू दे हो तिथंच! दार ओढून घ्या, मला आत जायचंय — तिचा अर्ज अजून प्रलंबित आहे.