झाकणाचं माप

मालेन्को खोऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं बसली होती: पोस्टातून निवृत्त झालेले ओत्ताविओ आणि त्यांच्या मोठ्या भावाची बायको, देल्फीना.

"भाऊजी, अजून लेथवर दगडच कातत बसता का?"

"मग काय करू? गुडघे गेलेत, हात शाबूत आहेत."

"तुम्ही दिलेलं दगडी भांडं छान निघालं. आधी चरबी चोळून मंद आचेवर मुरवलं. आता रोज त्यातच बार्लीचं सूप होतं."

"तडा नाही ना गेला?"

"माझ्या हातून? काहीतरीच!"

"ते कातताना त्याच दगडाच्या पोटातून निघालेलं धाकटं भांडं माझ्याकडे आहे. तुमच्या भांड्यात अचूक बसेल."

"ह्यांना सांगितलं मी ते. ऐकून बाहेर निघून गेले. कुरणाच्या वाटणीपासून तुमचं नावच काढत नाहीत."

"नको काढू दे."

"पण झाकण का नाही दिलंत? दोन वर्षं ताटली झाकतेय."

"झाकण भांड्यावर ठेवून घासावं लागतं, वहिनी. दादाला भांडं घेऊन यावं लागेल."

"भांडं तुम्हीच कातलंत, आणि माप ठाऊक नाही?"

"नाही."

"खोटं बोलताय."

"बरं, बोलतोय."

"मी आणून देते."

"तुम्ही नको. जड आहे."

"परवा सोंद्रियोच्या बाजारातून तांब्याचं झाकण आणलं होतं. अगदी मापाचं. ह्यांनी परत करायला लावलं."

"का?"

"म्हणाले, राहू दे, त्याच्या हातचं झाकण व्हायचंय अजून."