जिचं तोंड सकाळी पाहायचं नव्हतं

किसनबाबा, आई, आणि इथे जमलेल्या आपल्या गल्लीतल्या सगळ्या मंडळींनो,

तुम्ही कामधाम टाकून या शोकसभेला आलात. काही जण थेट बाजारातून आलात, अंगावर अजून कापूस आहे. मला बोलायला सांगितलं, कारण मी अमरावतीला शाळेत मराठी शिकवते. शिकवणाऱ्या बाईला बोलता येतंच, असा लोकांचा समज असतो. वर्गात येतं. इथे कठीण जातंय. बडनेऱ्याला गाडी बदलल्यापासून मी वाक्यं जुळवत होते. त्यांतलं एकही आता तोंडात बसत नाही. म्हणून जसं आठवेल तसं सांगते.

आधीच्या वक्त्यांनी पार्बताबाईंना पुण्यात्मा म्हटलं. त्यांचा मान राखून सांगते, पार्बतामायने हे ऐकलं असतं तर ती तंबाखूची चिमूट दाढेत धरून हसली असती. ती गोड बाई नव्हती. नळावर तिच्याशी भांडून कोणी जिंकलं नाही. तिची शिवी गल्लीच्या या टोकाला सुटली की त्या टोकाला ऐकू यायची. इथल्या बऱ्याच जणांनी ती खाल्ली आहे. मीही.

आणि तिचा चेहरा. त्याबद्दल आज कोणी बोललं नाही. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याबद्दल बोलू नये, असं वाटलं असेल. मी बोलते. मला तो अधिकार आहे. माझ्याकडे पाहा, म्हणजे कळेल.

लहानपणी पार्बतामायला देवी आल्या होत्या. त्यात एक डोळा गेला, पांढरा झाला. नाक एका बाजूने बसलं. गालांवर, कपाळावर, ओठांवर वण. आपल्या गल्लीत सकाळी कामाला निघालेल्या माणसाला ती समोर दिसली, की तो परत घरात जायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मग पुन्हा निघायचा. हे तुम्हाला ठाऊक आहे. पोटुशी बाई दारात उभी असली आणि माय येताना दिसली, तर सासू तिला आत घ्यायची. मुलाचं तोंड तसं होईल म्हणून. लग्नाच्या हळदीला, ओटी भरायला मायला बोलावणं नसायचं. ती सवाष्ण होती. तिच्या कपाळीचं कुंकू, किसनबाबा, धडधाकट होते. तरीही नाही.

मायला हे माहीत होतं का? आयाबायांनो, तिचा एक डोळा गेला होता. दुसरा होता.

आता मी माझी गोष्ट सांगते. आई इथे समोर बसली आहे. काल मी तिला विचारलं, आई, सांगू का? ती म्हणाली, "सांग. मी मेल्यावर सांगशील, त्यापरीस माह्यासमोर सांगितलेलं बरं."

मी सातवीत होते. त्या वर्षी देवीची लस टोचणारे गल्लीत आले, तेव्हा आम्ही चांदूर रेल्वेला मामाकडे लग्नाला गेलो होतो. परत आलो आणि महिन्याभरात मला ताप आला. मग फोड. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लागल्या. घरात फोडणी बंद झाली. वडिलांनी दाढी करणं सोडलं. आमच्या घरात देवी आली आहे, हे सगळ्या गल्लीला कळलं आणि आमचं दार ओस पडलं. त्यात कोणाचा दोष नाही. मीही आले नसते.

आईच्या अंगावर माझी धाकटी बहीण पीत होती. आई माझ्याजवळ आली असती तर ते तान्हं गेलं असतं. ती उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहून रडायची. वडील यायचे, पण त्यांना काही सुचत नसे. अशा वेळी पार्बतामाय मागच्या दाराने आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. आईला म्हणाली, "वहिनी, तुमी त्या लेकराजोळ राहा. मले एकडाव येऊन गेल्या, आता त्या मले वळखतात."

एकदा देवी आल्या की त्या माणसाला पुन्हा येत नाहीत. हे आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. ज्या चेहऱ्यामुळे तिला कोणाच्या घरात जागा नव्हती, त्याच चेहऱ्यामुळे आमच्या घरात तेव्हा फक्त तीच येऊ शकत होती. मी बरी होईपर्यंत ती बसली. कडुनिंबाच्या पाल्याने वारा घालायची. मी खाजवू नये म्हणून माझे हात धरून ठेवायची आणि मला शिव्या द्यायची. त्या शिव्यांच्या आधाराने मी जगले, असं आज वाटतं.

फोडांच्या खपल्या पडल्या. आता देवीची बोळवण करायची होती. चाल तुम्हाला माहीत आहे. एक सवाष्ण बोलवायची, तिला देवी समजून पाटावर बसवायचं, दहीभाताचं ताट वाढायचं, ओटी भरायची. बरं झालेलं लेकरू तिच्या पाया पडतं. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवते, आपल्या कानशिलावर बोटं मोडते. इडापिडा घेऊन जाते.

सवाष्ण कोण? घरात एक होती. मागच्या पडवीत बसून तांदूळ निवडत होती. पण आईला वाटलं, देवी म्हणून बसवायची तर बाई देवीसारखी दिसायला हवी. गोरी, नाकीडोळी नीट. माझं तोंड तसं पुन्हा व्हावं, असं तिला वाटत असेल. आईच ती. तिने पलीकडच्या आळीतल्या वकिलीणबाईंना बोलावणं धाडलं.

वकिलीणबाई आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ. पाटावर बसल्या. खरोखरच देवीसारख्या दिसत होत्या. मला आणलं. मी पाया पडले आणि तोंड वर केलं.

त्यांचा हात पुढे आला. आणि थांबला. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर त्यांनी तो हवेतच फिरवला. बोटं मोडली, पण ती वाजली नाहीत. दहीभाताचा एक घास घेऊन त्या उठल्या.

मी ते पाहिलं. आईनेही पाहिलं. तोवर घरात आरसा मला कोणी दाखवला नव्हता. त्या दिवशी त्याची गरज उरली नाही.

मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. जेवायला उठले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वडिलांनी आईला हळूच सांगितलेलं मी ऐकलं. ते म्हणाले, आता शाळा कशाला? लोक बघतील, पोरं चिडवतील. घरीच राहू दे. प्रेमाने म्हणाले. दार प्रेमानेही लावता येतं. मला ते बरं वाटलं, हेही सांगते. मला बाहेर जायचंच नव्हतं.

दुपारी पार्बतामाय आली. माझ्या उशाशी बसली.

"कुसमे, तोंड इकडे कर."

मी केलं नाही.

"करत नाही? मंग मीच तिकडे येतो." आणि ती खरंच मला ओलांडून भिंतीला पाठ लावून बसली. माझ्या तोंडासमोर तिचं तोंड आलं. तिने दोन्ही तळवे माझ्या कपाळावर टेकवले आणि हनुवटीपर्यंत उतरवले. चांगले दाबून. तळव्यांना तंबाखूचा वास होता. मग आपल्या कानशिलावर बोटं मोडली. ती कडाकड वाजली.

मी तिला विचारलं, "माय, देवानं माझं तोंड असं काहून केलं?"

ती म्हणाली, "थे त्यालेच इचार. माह्या तोंडाचंबी अजून सांगतलं नाही त्यानं."

मी रडायला लागले. तिने तंबाखूची चिमूट दाढेत सारली. मग म्हणाली, "नदीवरच्या देवीच्या देवळात गेली ना तू? तिले नाक हाये? डोये हायेत? शेंदराचा गोटा हाये निस्ता. जिले सोताले तोंड नाही, थे तुह्या तोंडाचं काय पाहीन? तिले आतलं दिसते."

"आतलं म्हणजे काय?"

"आतलं म्हंजे आतलं. जे तू तुह्या मायपासून लपवते, थे."

"मग तुझं आतलं काय दिसतं तिला?"

पार्बतामाय हसली. "माहं? लय घाण. कालपासून त्या वकिलीणबाईले शिव्या देऊन राहिली मी मनात. त्याबी दिसल्याच असतीन तिले."

मंडळी, मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. वाचणं हाच माझा व्यवसाय आहे. देव माणसाचं मन पाहतो, रूप पाहत नाही, हे त्या पुस्तकांत नाना प्रकारांनी लिहिलेलं आहे. पण ते वाक्य तिथे दुसऱ्यांना सांगण्यासाठी येतं. मायने पहिल्यांदा ते स्वतःला लावलं. देव आतलं पाहतो, म्हणजे माझ्या आतली शिवीही पाहतो. त्या हिशेबाने तिला सूट नव्हती. आणि तिने ती मागितलीही नाही.

पुढे कळलं, वकिलीणबाईंना तेव्हा दिवस गेले होते. अजून कोणाला सांगितलं नव्हतं. मायला हे समजलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोटात होतं म्हणून भ्याली थे. मले काय माहीत? मी तिचं वरचंच पाह्यलं." त्यानंतर मी तिच्या तोंडून वकिलीणबाईंना शिवी ऐकली नाही. बाकी सगळ्यांना ऐकली.

काही दिवस गेले. एका सकाळी ती ऐन शाळेच्या वेळी आमच्या दारात उभी राहिली. "चाल कुसमे. दप्तर घे."

वडील पुढे आले. "पार्बताबाई, लोक काय म्हणतील?"

"लोक मले पाहून घरात जातात, साहेब. रस्ता मोकळाच असते. पोरीले गर्दी लागणार नाही."

आईने दप्तर आणून माझ्या हातात दिलं. हो, आईने दिलं. वडिलांकडे न पाहता दिलं. ते मी विसरले नाही.

मी ओढणी तोंडावरून घेतली आणि मायच्या मागून निघाले. वळणावर एक गृहस्थ सायकल काढून कामाला निघाले होते. नाव सांगत नाही, ते इथे बसलेले आहेत. त्यांनी मायला पाहिलं. मग मला पाहिलं. सायकल भिंतीला लावली आणि वळले. माय मोठ्याने म्हणाली, "जा भाऊ, पाणी पिऊन ये. आज आमी दोघी हाओ, दोन गिलास पेजो!"

मी हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. गालाची नवी कातडी ओढली गेली, दुखलं. तरी हसू थांबेना. ओढणी कधी खांद्यावर आली, मला कळलं नाही. शाळेच्या फाटकाशी माय थांबली. आत आली नाही. "आता तुई तू जा," म्हणाली आणि तंबाखू मळत परत फिरली.

शाळेत मला चिडवलं. पुष्कळ चिडवलं. ते सोपं झालं, असं मी म्हणणार नाही. पण मी शाळेत होते. आजही आहे. पहिल्या दिवशी नव्या वर्गातल्या मुली माझ्याकडे पाहतात आणि मान खाली घालतात. मी त्यांना सांगते, वर पाहा. नीट पाहून घ्या. मग धडा सुरू करू.

आता परवाचं सांगते, आणि थांबते.

माय गेल्याचं कळलं तशी मी आले. पाहते तो दारात बायकांची रांग. माय अहेवपणी गेली. किसनबाबा असताना गेली. आपल्याकडे अशा मरणाला मोठा मान. अशा बाईला हळदकुंकू लावायचं, तिची ओटी भरायची, तिच्या कपाळीचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घ्यायचं. सगळी गल्ली आली होती. ज्यांनी तिला एकाही हळदीला बोलावलं नाही, त्या बायका ताटात हळद घेऊन उभ्या होत्या. एकेक बाई वाकत होती आणि मायच्या चेहऱ्याला हात लावत होती. काहींनी तो हात जन्मात पहिल्यांदा लावला असेल.

मला राग आला का? आला. मी किसनबाबांकडे पाहिलं. बाबा, तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. तुम्ही म्हणालात, "आता कायले गर्दी करून राहिल्या ह्या? जित्तेपणी यायचं होतं." बायका थबकल्या. ताटं हातात तशीच राहिली. मग तुम्हीच हात हलवलात. म्हणालात, "या. या. तिले माणसं आवडत."

एवढंच म्हणालात. माझा राग तिथे संपला. रांग पुढे सरकली.

मंडळी, देव मन पाहतो. मायचा यावर विश्वास होता. माझा किती आहे, ते मला सांगता येत नाही. असेल देव, तर त्याने तिचं मन पाहिलंच असेल, शिव्यांसकट. ते काम त्याचं. त्याला ते सोपं आहे. तुम्हाला-मला कोणाचं मन दिसत नाही. आपल्याला दिसतो तो समोरचा चेहरा. देव चेहरा पाहत नाही, म्हणून आपणही पाहायचा नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्या वाट्याला तेवढंच काम आलं होतं. सकाळी दारातून निघताना समोरून येणाऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहायचं, आणि पुढे जायचं.

किसनबाबा, तुम्हाला माझा नमस्कार. मायलाही.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं शांत राहू. माझी एकच विनंती आहे. डोळे मिटू नका. ते पार्बतामायसमोर आपण पुष्कळ केलं.