पुसलेला अंगठा

ताई, हात काढा. लेकीच्या हनुवटीखालचा हात आधी काढा — हां, आणि मागं सरून त्या खुर्चीवर बसा. गेली ना पडद्यामागं? जाऊ दे. पांढरं कापड आहे, खाणार नाही तिला. एक वाजता कचेरीची खिडकी बंद होते, फोटोशिवाय दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज घेत नाहीत, आणि आज अर्ज गेला नाही तर विशेष मुलांच्या केंद्रातली जागा दुसऱ्या कुणाला — तिसऱ्यांदा सांगताय. घड्याळ माझ्याही भिंतीवर आहे हो. टिकटिक नको म्हणून बंद ठेवलंय, पण आहे.

बुधवारी सकाळी दुकान असंच. रेडिओ बंद, पंखा बंद, फ्लॅश बंद, शटर अर्धं खाली. हे शहाणपण माझं नव्हे — केंद्रातल्या पोरांच्या आयांचा गट आहे ना, त्यांनी कान धरून शिकवलं. ही चित्रांची पट्टीसुद्धा त्यांचीच: आधी स्टूल, मग कॅमेरा, मग दार. शेवटी दार दिसलं की पोरं बसतात म्हणे. त्यात काय नवल? मीसुद्धा कुणाकडं जेवायला गेलो की आधी दार बघून ठेवतो! — हसा की जरा. एक गृहस्थ होते, अकरा वर्षं प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले. शेवटी मी त्यांच्या पापण्यांवरच डोळे रंगवले. साहेबानं फोटो पास केला, वर म्हणाला, काय तेज आहे नजरेत!

काय? तुम्ही धरून ठेवता, मी नंतर कॉम्प्युटरवर हात पुसतो?

येतं की. छान येतं. पापण्यांची गोष्ट थाप होती, ही थाप नाही. माझा धाकटा भाऊ — तुमच्या लेकीसारखाच — बावीस वर्षांचा होता. असाच अर्ज, अशीच घाई. एका हातानं मी त्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हातानं बटण दाबलं. ओरडत होता — पण फोटोत ओरडणं कुठं येतं? माझा अंगठा तेवढा आला होता. तो असा झकास पुसला, की आईलासुद्धा कळलं नाही. कार्ड मिळालं, सवलती मिळाल्या, सगळं मिळालं. चौदा वर्षं झाली. मी खोलीत आलो की तो अजून हनुवटी छातीला टेकवतो. घास हातात असला तर ताटात ठेवतो. आई होती तोवर ती त्याची दाढी करायची. आता गटातल्या एका बाईंचे यजमान येऊन करतात. आणि मी, सख्खा भाऊ, दाराबाहेर टॉवेल धरून उभा. गटातल्या बायकांना वाटतं, काय मोठ्या मनाचा माणूस, आपल्यासाठी बुधवार ठेवला! मीही वाटू देतो.

हे तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे. बोलता बोलता घसरलो — तोंडाला ब्रेक नाही ना माझ्या. बुधवार परत येईल, ताई. जागा गेली तर मी आणि त्या सगळ्या बायका उद्या केंद्राच्या पायरीवर जाऊन बसू, थापा मारून मारून बेजार करीन त्यांना. पण तो हात... तो नाही पुसला जात. कुठं उठताय? बसा. बसा म्हणतो ना!

वळू नका मागं. स्टूल करकरलं.

पट्टीवरच्या दारावर बोट ठेवलंय तिनं. हो बाळा, मग दार. नक्की दार. — कान दिसतात, केस मागं आहेत, डोळे खाली. असू देत. थांबू आपण. खिडकी गेली खड्ड्यात. आता या खोलीत एकच आवाज उरलाय, तो माझा. तोही बं—