जावईबापू गाडीखाली

— अहो, तो नाही, त्याच्या शेजारचा पाना! डोक्यापाशीच पडलाय तुमच्या. हां, तोच. मी वाकून दिला असता, पण ही कंबर — तुम्हाला माहीतच आहे, या कंबरेपायीच तर लेक तीन आठवडे माझ्याकडे येऊन राहिली, आणि तुम्ही तिकडे एकटे हात भाजून घेत बसलात. पडून राहा तसेच, जावईबापू. मला इथून तुमचे नुसते पाय दिसतात, आणि खरं सांगू? एवढे शोभून कधी दिसला नव्हतात. लग्नातसुद्धा नाही. गंमत केली हो! सासऱ्याने जावयाची नाही करायची तर कुणाची करायची? हसा की जरा. नाही? बरं, राहिलं. तो जुना बुश कुठे निघालाय अजून, दम जपून ठेवा.

आता बघा, आहे काय त्यात — लोखंडी नळीत बसवलेलं एवढंसं रबर, मुठीत मावेल — आणि त्याने सकाळपासून तुम्हाला रडकुंडीला आणलंय. ठोकू नका, ठोकू नका म्हटलं होतं ना? ठोकलं की चाक धरणारा दांडा, तो आर्म, वाकतो. लांब बोल्ट घाला आरपार, दोन्हीकडे जाड वॉशर लावा आणि सावकाश आवळत न्या, म्हणजे तो आपण होऊन पलीकडे सरकतो. आई गं! — लागलं? रक्त आहे का? मग पुसा पँटला आणि चालू द्या. मी आयुष्यभर बसडेपोत सुपरवायझर होतो, स्वतः एक नट फिरवला नाही कधी, पण माणसाकडून काम कसं काढून घ्यायचं ते मला विचारा. समोर काहीतरी टांगून ठेवायचं. काय टांगायचं ते माणूस बघून ठरवायचं, बस्स. तुम्ही म्हणालात, गॅरेजमध्ये टाकू. कशाला? खड्डा आला की धाडकन वाजणाऱ्या गाडीतून मी मुलगी पाठवणार नाही, बुश बदला आणि न्या तिला — एवढं मी म्हणायचा अवकाश, तुम्ही बाह्या सरसावल्यात! बसमधून उतरलात ते पाणीही न पिता थेट गाडीखाली. बायकोवर जीव आहे हो तुमचा, नाही कोण म्हणतंय.

निघाला? शाब्बास! टाका इकडे. — काय चिरफळ्या झाल्यात बघा रबराच्या. आता नव्याला साबणाचं पाणी लावा, सुळकन बसेल. तीच ठेवून गेली मघाशी साबण, तुम्ही खाली होतात म्हणून दिसली नसेल. चहा? चहा माझ्यापुरता आणला होता तिने. तुमचा काम झाल्यावर, म्हणाली. — बसला? दुसऱ्या बाजूचाही बदलून झाला? थांबा, थांबा, आवळू नका! इथेच सगळे दीडशहाणे चुकतात. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला की गाडी खाली आल्यावर रबर पिळवटतं, आणि दोन-चार महिन्यांत फाटतं. नुसते हाताने लावा. चाकं चढवा, हे ठोकळे द्या खाली, गाडी ठोकळ्यांवर उतरवा, तिचं वजन चाकांवर येऊ द्या, आणि मग आवळा. हो, परत शिरावं लागेल. शिरा की! कष्टाला लाजायचं कशाला?

— उतरली? हं, आता कशी बसली बघा नीट. शिरा, शिरा. पोट आत घ्या. आवळा आता, अगदी अंगातला जोर काढून. अजून. अजून एक आटा! मला उद्या कटकट नको — लांबचा रस्ता, आणि मध्येच काही सैल झालं तर मी आणि ती, दोघंच गाडीत, मला तर वाकताही येत नाही —

काय? काय म्हणालो मी? मी आणि ती? छे हो, म्हणजे — तुम्ही बाहेर कशाला येताय? काम टाकून असं — अरे अरे, डोकं आपटलंत! सावकाश. बसा त्या बादलीवर. असे बघू नका माझ्याकडे.

बरं, निघालंय तोंडातून तर ऐका. ती येत नाहीये. आज नाही आणि नंतरही नाही. उद्या तिला वकिलाकडे घेऊन चाललोय, याच गाडीने, गाडी माझ्याच नावावर आहे. मी? मी काय केलं? मी रोज जेवताना एवढंच म्हणायचो, की त्या दोन खोल्यांत तुझा जीव कसा रमतो गं बाई. रोज म्हणजे — हो, रोजच. आणि तुमचा फोन वाजला की, घे, आला साहेबांचा हुकूम. थट्टा हो! पहिल्या आठवड्यात चिडायची, दुसऱ्यात गप्प बसायची, तिसऱ्यात म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. तुमचं काय चुकलं? काही नाही, हीच तर पंचाईत आहे. माणूस म्हणून तुम्ही चांगले आहात. पण तिची आई गेल्यापासून मी या घरात भिंतींशी बोलतोय. ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठलो तरी विचारणारं कुणी नव्हतं. तुम्हाला नाही कळायचं ते. कळेल आता.

सकाळीच का नाही सांगितलं? मी सांगणार होतो! तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा अगदी ओठांवर होतं माझ्या. तिनेच थांबवलं. खरंच, तिनेच — म्हणाली, बाबा, आधी गाडी होऊ दे. ... खोटं वाटतंय? मग विचारा ना तिलाच. ती काय, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे. मारा हाक. — जोरात मारा, नळ चालू आहे. — हां. बंद केला तिने नळ. ऐकलं बरं का.

... ओढला पडदा.

चला, उजेड आहे तोवर आवरा. तेवढा शेवटचा बोल्ट राहिलाय तो आवळून द्या, पाने पुसून पेटीत ठेवा, आणि हात बाहेरच्या नळावर धुवा. आत यायची गरज नाही.