रुंद चाकं आणि आईचं दर्शन

रुंद चाकांचं कौतुक माझ्यापुढं करू नका राव. चौऱ्याहत्तर साली आमच्या थोरल्या भावानं जुनी स्पोर्ट्स गाडी आणली, स्प्रिंगा कापून ती पार खाली बसवली आणि वर मुंबईहून रुंद चाकं मागवून घातली. आमच्याकडं गाडी घेतली की आधी अक्कलकोटला न्यायची, म्हणून आई मांडीवर नारळ घेऊन शेजारी बसली. थोरला एकटा असला की गाडी पळायची, पण शेजारी कुणी बसलं की चाक मडगार्डला घासायचं. वळसंगच्या अलीकडं जळक्या रबराचा वास सुटला.

"आई, तू उतर की. टायर फाटंल."

"आन् मी कशी येऊ?"

"एस्टी हाय की!"

नारळ तेवढा त्यानं मागून घेतला. आई उन्हात ताटकळली आणि मिळाली त्या एस्टीनं घरी परतली.

संध्याकाळी हार घातलेली गाडी दारात आली. थोरल्यानं आईच्या हातात प्रसाद दिला आणि तो चाकं पुसायला बसला. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या.

"झालं का दर्शन?"

त्यांच्या हातावर प्रसाद ठेवत आई म्हणाली, "व्हय, लई चांगलं झालं. पोरानं गाडीतनं नेलं."

थोरल्यानं ते ऐकलं, मान वर केली आणि म्हणाला, "काकू, चाकं बघितली का?"