बोस्टनच्या व्यापाऱ्याचे आईबाप

सिंगापुरात जुरोंग ईस्टला बसच्या रांगेत मराठी ऐकू आलं, तशी अनघाने मान वर केली. पुढे बहीणभाऊ उभे होते.

“दादा, उद्या बाबांचं बारावं. गुरुजींना बाबांच्या पणजोबांचं नाव हवंय.”

“मला ठाऊक नाही गं.”

“आणि ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाच्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचे आईबाप शोधतोस! तो बोस्टनचा व्यापारी.”

“तेही सापडले नाहीत. इंग्लंडच्या तीन गावांत त्याच नावाची तीन पोरं. अमेरिकेच्या बोटीत कोणतं चढलं, देव जाणे.”

“पणजोबांचं नाव बाबांना विचारायचंस की.”

“तेच म्हणायचे, ‘आधी त्या गोऱ्याला बाप मिळवून दे, मग माझ्याजवळ येऊन बस.’”

“मग?”

“मला थट्टा वाटायची. तुला नव्हती वाटत?”

बस आली. बहिणीने त्याला नुसतं पुढे चढवलं.