इश्वरच्या बंदुकीची माशी

(सानगडीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, १९७९. दुपार. छर्ऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचं दुकान. मालक इश्वर अन् त्याची बायको बेबीबाई.)

बेबीबाई : म्या सांगून ठेवते, थे नागपूरची नेम धराची माशी बसवू नोका. सुखराम लोहारानं खिळा घासून बनवली, थेच राहू द्या.

इश्वर : काहून राहू देऊ? नळीच्या टोकाले वाकडी बसली हाये थे. नेम धरा लाल फुग्यावर, छर्रा जाते पडद्यात.

बेबीबाई : नऊ वर्सं जाऊनच राहिला ना पडद्यात? कोणाचं काय अडलं?

इश्वर : माहं अडलं! मागच्या मंडईत वासुदेवराव पाटलानं चारचौघात म्हटलं, इश्वरची बंदूक बेइमान, इश्वर बी बेइमान. वर्सभर कानात वाजून राहिलं. म्हून कंपनीची माशी मागवली. पाह्य, तेलाच्या कागदात गुंडाळून आली, नवरीवानी.

बेबीबाई : नवरी चांगलीच हाये जी. पर घरचे लोक जुन्या सुनेले सरावले हायेत.

इश्वर : हे बसवली. झालं. आता चूप राह्य, पाटीलच येऊन राहिले. संगं त्यायची बायको कुंताबाई अन् नवा जावई.

वासुदेवराव : ए इश्वर, भर छर्रे! जावईबापू, पाहा हं. ह्या बंदुकीनं फुगा फोडणारा आख्ख्या सानगडीत एकच माणूस.

इश्वर : पाटील, एक सांगतो, बंदूक आता सरळ...

वासुदेवराव : मले नोको शिकवू! कोपऱ्यातल्या कंदिलावर नेम धराचा, अन् फुटते लाल फुगा. हे पाहा. एक, दोन, तीन... काय वाजलं थे?

बेबीबाई : कंदील फुटला, पाटील.

वासुदेवराव : भर दुसरा!... अन् हे?

बेबीबाई : पहिल्यानं काच गेली होती. आता टाकी गेली. घासलेट गळून राहिलं.

वासुदेवराव : हट्! बिघडवून ठेवली बंदूक! नऊ वर्सं घातली म्या हे शिकाले. बेइमान होती, पर तिची बेइमानी मले पाठ होती!

इश्वर : जिथं पाहान तिथंच जाते जी आता. फुग्यावरच धरा.

वासुदेवराव : फुग्यावर कसा धरू? हात आपोआप कंदिलाकडे जाते माहा!

बेबीबाई : मंग कुंताबाई, तुमी पाहा मारून. खांद्याले टेकवा.

वासुदेवराव : थे काय मारते! तिनं कधी चिमण्या माराची गुलेर बी धरली नाही.

बेबीबाई : एक डोळा मिटा, बाई. हं, दाबा... बाप्पा, फुटला! अजून एक घ्या... हा बी गेला!

इश्वर : जावईबापू टाळ्या वाजवून राहिले, पाटील.

वासुदेवराव : आयकू येते मले. इश्वर, जरा इकडे ये, बाजूले. थे जुनी माशी फेकली तर नाही?

इश्वर : खिशात हाये.

वासुदेवराव : बसव ना मंग. उद्या मी जावयाले घेऊन येतो फिरून.

इश्वर : तुमी मले बेइमान म्हटलं होतं, पाटील. साऱ्या गावासमोर.

वासुदेवराव : म्हटलं असन, रागात. घेतो मी थो शब्द वापस. आता तरी बसव.

इश्वर : नाही बसवत. तुमी सकाळी या, सरळ नेम शिकवतो तुमाले.

वासुदेवराव : तू शिकवशीन? मले?... किती वाजता येऊ? कोणी नसाले पाह्यजे पर.

इश्वर : सातले या. ... (बेबीबाईकडे वळून) आयकलं व? पाटलानं शब्द वापस घेतला!

बेबीबाई : आयकलं. अन् कुंताबाईच्या मांगं पाहा, सात-आठ बाया उभ्या झाल्या. आजवर एक बी फिरकली नव्हती इकडे.

इश्वर : दे मंग बंदूक पहिलीले.

बेबीबाई : पहिली मी. नऊ वर्सं फुगवून राहिली मी फुगे, एक बी फोडला नाही.

इश्वर : कधी म्हटलं नाही तं तू!

बेबीबाई : तुमी कधी इचारलं?

इश्वर : घे. कोणता फोडतं?

बेबीबाई : बोलू नोका जी. दम धरून राहिली मी.